दुसरे गोदाम घ्यावे की नाही?

पुसेगाव, सेनगाव, हिंगोली या पट्ट्यातील आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांचा धंदा आता आठवडी बाजारापुरता राहिलेला नाही. हळद पावडर, मसाले, गाद्या, शिवलेले कपडे, लोखंडी कपाटे यांच्या ऑर्डरी फोनवर येतात. नांदेड-परभणीहून येतात, पुण्या-मुंबईहूनही येतात. माल पोचायला चार-पाच दिवस लागले की गिऱ्हाईक कुरकुरते. मग कोणीतरी हितचिंतक सल्ला देतो, "नांदेडला एक गोदाम घ्या, भिवंडीला एक घ्या, माल गिऱ्हाइकाच्या जवळ नेऊन ठेवा." सल्ला ऐकायला गोड आहे. पण आमचे स्पष्ट मत असे की, आपल्या भागातील बहुतेक लहान व्यापाऱ्यांनी हे पाऊल आज उचलू नये, आणि ज्यांना उचलायचेच आहे त्यांनी गोदामाच्या भाड्याआधी गुंतणाऱ्या भांडवलाचा हिशेब मांडावा.

भिवंडीचे उदाहरण सारेच देतात, म्हणून आधी तेच पाहू. यंत्रमागांचे हे गाव गोदामांचे गाव कसे झाले? मुंबई महापालिकेची जकात हे त्याचे एक मोठे कारण होते. शहराच्या हद्दीबाहेर माल उतरवायचा आणि लागेल तेवढाच जकात भरून आत न्यायचा, हा तो हिशेब. दुसरीकडे मोठ्या कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात गोदाम ठेवीत, कारण परराज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे आणि स्वतःच्याच गोदामात माल हलवला तर तो लागत नसे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली, केंद्रीय विक्रीकराचा हा जाच गेला, आणि अनेक कंपन्यांनी विखुरलेली लहान गोदामे बंद करून मोजकी मोठी गोदामे ठेवली. भिवंडी तरीही वाढतच राहिली, कारण मुंबई, नाशिक आणि गुजरातचे रस्ते तिच्या जवळ आहेत आणि २०१३ साली अ‍ॅमेझॉनने भारतातील आपले पहिले कोठार तिथेच उघडले. तेव्हा ज्यांची नक्कल आपण करू पाहतो, त्यांची कारणे कराची होती किंवा रोजच्या हजारो पार्सलांची होती. आपल्याकडे यातले काय आहे?

आता भांडवलाचे पाहू, कारण खरी मेख इथे आहे. एका गोदामात आपण रोजच्या विक्रीचा माल ठेवतो आणि अचानक मागणी वाढली तर हाताशी असावा म्हणून थोडा राखीव माल ठेवतो. समजा, हा राखीव माल हळद पावडरीची १०० पोती आहे. एकच गोदाम असते तेव्हा नांदेडची मागणी घटली आणि पुण्याची वाढली तरी एकाचे दुसऱ्याला भागते. दोन गोदामे केली की हे सांभाळून घेणे संपते. नांदेडात पोती पडून राहतात आणि पुण्याचे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाते. गोदामशास्त्रात यासाठी वर्गमूळाचा नियम सांगतात. दोन्ही ठिकाणची मागणी सारखी असेल व आपापल्या परीने वर-खाली होत असेल, तर तेवढाच भरवसा राखायला दोन गोदामांत प्रत्येकी ७१ पोती, म्हणजे मिळून सुमारे १४१ लागतात. चार गोदामे केली तर २००. पोत्याची किंमत साडेसात हजार धरली तर दुसऱ्या गोदामापायी वरची ४१ पोती, म्हणजे तीन लाखांहून अधिक रक्कम नुसती पडून राहिली. त्यात भाडे, माणसाचा पगार, घट आणि किडीचा खर्च धरलेलाच नाही. आमच्या वाचकांतील अनेक जण व्याजाने पैसा उचलत नाहीत. त्यांच्यासाठी हे तीन लाख म्हणजे येत्या हंगामाच्या खरेदीतून काढलेले तीन लाख आहेत. हिंगोलीच्या बाजारात हळदीची आवक जोरात असताना हातात रोकड नसली, तर पुण्यात माल एक दिवस आधी पोचवून काय मिळवले?

उशीर नेमका कुठे होतो, हेही आधी तपासावे. महिनाभर एक साधी वही ठेवा. ऑर्डर आली ती तारीख, माल दुकानातून निघाला ती तारीख आणि गिऱ्हाइकाला पोचला ती तारीख. पाचपैकी तीन दिवस माल आपल्याच दुकानात पॅकिंगची किंवा गाडीची वाट पाहत पडलेला आढळला, तर त्यावर नांदेडचे गोदाम हा इलाज नाही. रोज ठरलेल्या वेळी निघणारी गाडी हा इलाज आहे. जाता जाता एक सांगतो. पुसेगाव नावाचे मोठे गाव सातारा जिल्ह्यातही आहे. परत येणाऱ्या पार्सलावर जिल्हा आणि पिनकोड ठळक असू द्या. आपला ४३१ ने सुरू होतो, तिकडचा ४१५ ने.

कराची बाजू थोडक्यात. दुसरे गोदाम महाराष्ट्रातच असेल तर जीएसटी नोंदणीत ते जादा व्यवसायस्थान म्हणून पंधरा दिवसांत दाखवावे लागते. एकाच नोंदणीखाली माल हलवताना कर लागत नाही, डिलिव्हरी चलन लागते, आणि माल एक लाखावर असेल तर ई-वे बिलही. पण हैदराबाद किंवा सुरतेला गोदाम घेतले तर त्या राज्याची वेगळी नोंदणी, वेगळी विवरणपत्रे, आणि स्वतःचाच माल स्वतःकडे पाठवताना आधी कर भरणे आले. तो पुढे वळता होतो हे खरे, पण माल विकेपर्यंत पैसा अडकतो. ऑनलाइन कंपनीच्या परराज्यातील कोठारात माल ठेवला तरी नोंदणी आपल्याच नावाने करावी लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला तर परराज्यात विक्रीच करता येत नाही.

मग दुसरे गोदाम कधीच नको का? तसे आम्ही म्हणत नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची जुनी रीत होती. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि ती रीत जवळपास मोडलीच. सगळा माल एकाच जागी असण्याचा धोका यातून दिसतो. कयाधूकाठच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. मात्र या धोक्यासाठी लांबच्या शहरात जाण्याची गरज नाही. थोडा माल जवळच उंचवट्यावरच्या दुसऱ्या जागेत किंवा वखार महामंडळाच्या गोदामात ठेवता येतो, आणि वखार पावतीवर गरज पडल्यास उचलही मिळते. विमा मात्र ज्या पत्त्याचा काढला त्याच पत्त्याचा असतो. माल हलवण्याआधी नवी जागा पॉलिसीत चढवून घ्यावी.

ज्यांचा माल जड आणि किमतीच्या मानाने वाहतूक महाग आहे, उदाहरणार्थ कपाटे किंवा गाद्या, आणि ज्यांच्या ऑर्डरींपैकी निम्म्याहून अधिक वर्षभर एकाच शहरातून येतात, त्यांनी जरूर विचार करावा. पूर्ण गाडी भरून एकदा पाठवणे सुट्या नगांपेक्षा स्वस्त पडते. अत्तर, शिवलेले कपडे, मसाल्याच्या पुड्या अशा हलक्या मालाला हे लागू नाही. जावयाला किंवा मेहुण्याला "तिकडचे तू बघ" म्हणून किल्ली सोपवण्याची आपल्यात फार चाल आहे. नात्याला धक्का लागू नये असे वाटत असेल तर पगार की भागीदारी हे लिहून घ्यावे, आणि दर महिन्याला पोती मोजावीत.

सुरुवात ईदच्या हंगामापासून करून पाहावी. एकच वस्तू घ्यावी आणि एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात दोन महिन्यांपुरता कोपरा घ्यावा. ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा पाहून जागा ठरवू नये. अकरा महिन्यांच्या करारात लगेच अडकू नये. जो काही करार होईल तो लेखी करून नोंदवून घ्यावा. आणि न विकलेला माल पुसेगावला परत आणण्याचे गाडीभाडे पहिल्याच दिवशी खर्चात धरावे.