मक्याचा करपा आणि आमची उधारी

आम्ही कापडाचे व्यापारी. मक्याच्या रोगाशी आमचा संबंध काय, असे कुणीही विचारील. संबंध आहे. यंत्रमागावर चढणाऱ्या ताण्याच्या सुताला जी खळ देतात, तीत मक्याचा स्टार्च वापरला जातो. शिवाय नाशिक-जळगावकडचा शेतकरी मका विकतो तेव्हाच त्याचे पाय कापडपेठेकडे वळतात. मका बुडाला की आमच्या वहीतली उधारीही बुडते.

एका पावसाळ्यात आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने मक्याची पाने वाळताना पाहून अळीचे औषध आणले, तेही उधारीवर. अळी नव्हतीच; करपा होता. करपा हा बुरशीचा रोग. अळी मारणारे औषध त्याला काय करणार? पीक गेले आणि औषधाचे बिल अंगावर राहिले.

ओळख कठीण नाही. अळी पान कुरतडते, भोके पाडते. करप्यात पान शाबूत असते, पण त्यावर होडीसारखे लांबट, राखाडी-तपकिरी चट्टे पडतात. बहुधा खालच्या पानांपासून सुरुवात होते. दुसऱ्या जातीच्या करप्यात चट्टे लहान असतात. हवा दमट राहिली की रोग वर चढतो. दाणा भरतो तो मुख्यतः कणसाजवळच्या आणि त्यावरच्या पानांच्या जोरावर. म्हणून दाणा भरेपर्यंत ही पाने वाचवणे हेच खरे काम. चट्टे दिसू लागताच मॅन्कोझेब, लिटरला अडीच ग्रॅम, फवारावे. दाणा पक्का होत आल्यावर केलेला फवारा म्हणजे पैसे पाण्यात.

त्याहून स्वस्त उपाय पेरणीआधीचे आहेत. बुरशी मागच्या पिकाच्या वाळल्या पानांत जिवंत राहते. ती खोल नांगरून गाडावीत, मक्यावर पुन्हा मका घेऊ नये आणि रोगाला दाद न देणारे वाण निवडावे.

वाणही गावभर एकच नको. अमेरिकेत तुरे खुडण्याची मजुरी वाचावी म्हणून बहुतेक संकरित मक्यात वांझ तुऱ्याचा एकच गुण आणला होता. करप्याच्या नव्या जातीला नेमके तेच बियाणे मानवले आणि १९७० साली त्या देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. सारी पुंजी एकाच मालात घालणाऱ्या व्यापाऱ्याची गतही हीच होते.

बियाणे व औषधाचा धंदा करणाऱ्या बांधवांना आमचे सांगणे आहे : गिऱ्हाइकाला आधी रोगट पान आणायला सांगा, मग बाटली काढा. वेळ निघून गेली असेल तर 'आता फवारू नका' असे स्पष्ट सांगा. त्या दिवशी एक बाटली कमी खपेल, पण शेतकरी उभा राहिला तर पुढच्या हंगामात तुमच्याही दुकानात येईल आणि आमच्याही.