करुण म्हणजे केविलवाणं नव्हे

परवा भाचा आला होता. कानात सेक्स पिस्टल्सचं 'गॉड सेव्ह द क्वीन'. म्हणाला, "मामा, आपल्याकडे असं चिडलेलं गाणंच नाही." मी त्याला आपल्याच मुलुंडच्या शाहीर विलास घोगरेंचं 'एक कथा सुनो रे लोगो' ऐकवलं. ऐकून म्हणाला, "हे तर रडगाणं आहे!"

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

वरवर पाहिलं तर त्याचं चूक नाही. कथेपाठोपाठ व्यथा येते, मजुराची कहाणी करुण आहे असं शाहीर स्वतःच म्हणतो. पण लगेच ऐकणाऱ्याला जवळ येऊन ती जाणून घ्यायला सांगतो. मला वाटतं, सगळा अर्थ या जवळ बोलावण्यात आहे. दया काय, लांबूनही करता येते, गाडीची काच खाली करून नाणं दिलं की झालं. जवळ गेलं की आपली बिल्डिंग कोणी बांधली आणि तो आता कुठे राहतो, हे विचारावं लागतं. आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये (१९८५) हे गाणं आहे. तो माहितीपट झोपड्या पाडण्याबद्दलच आहे!

घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टीत राहायचे. मीही मुलुंडचाच, पण तिकडे कधी पाऊल टाकलं नाही. असो.

आणखी एक. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली. १५ जुलैला घोगरेंनी गळफास घेतला. 'जय भीम कॉम्रेड' (२०११) पाहिल्यावर मलाही त्यांच्या गाण्यात मरणच ऐकू यायला लागलं. पण ते त्याआधी किमान बारा वर्षांचं आहे. लोक जवळ येतील अशी आशा असलेल्या, धडधाकट माणसाने गायलेलं. शेवट माहीत आहे म्हणून सुरुवातीलाही तोच अर्थ चिकटवणं मला पटत नाही.

भाच्याच्या गाण्याचंही तेच झालं की! १९७७, राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव. लोकांनी ते राणीला शिवी म्हणून ऐकलं, बीबीसीने बंदी घातली. गायक जॉनी रॉटन पुढे म्हणाला, आपल्या लोकांवरच्या प्रेमापोटी, त्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या चिडीतून ते लिहिलं.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. "पण मामा, ड्रम्स कुठायत?" म्हणाला :) रविवारी येतोय, 'हमारा शहर' पहिल्यापासून बघायचं ठरलंय.