दीक्षाभूमीवर जाण्याची वेळ कोण ठरवणार?

दीक्षाभूमीला भेट द्यायची तर कोणत्या वेळी द्यावी, असा प्रश्न बाहेरगावचे पाहुणे नेहमी विचारतात. पर्यटनवाल्यांचे उत्तर ठरलेले असते. सकाळी लवकर जा किंवा ऊन कलल्यावर जा, हिवाळ्यात जा, गर्दीचे दिवस टाळा. हा सल्ला चुकीचा नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, ऑक्टोबरचे ऊनही अंग भाजून काढते आणि भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवणे ही शिक्षाच असते. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकराबाळांना घेऊन जाणाऱ्याने सकाळ-संध्याकाळच धरावी, यात वाद नाही.

परंतु हे उत्तर पर्यटकाचे झाले. ज्या समाजाने या भूमीवर नवा जन्म घेतला, त्या समाजाने हा प्रश्न इतक्या सहज सोडून देऊ नये. कारण 'कोणत्या वेळी कुठे जावे' हे ठरवण्याचा अधिकार या देशात आपल्याला कधीच नव्हता.

पेशवाईतील पुणे आठवा. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू ही गोष्ट आपल्या पोराबाळांना पाठ आहे. पण घड्याळाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी नोंदवून ठेवले आहे की, दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत प्रवेश नव्हता. कारण काय? तर त्या वेळी सूर्य खाली असतो, माणसाची सावली लांब पडते आणि ती सावली एखाद्या ब्राह्मणाच्या अंगावर पडली तर तो विटाळतो! म्हणजे मनुवाद्यांनी आम्हाला पाणी नाकारले, रस्ता नाकारला, देऊळ नाकारले आणि एवढ्यावरही पोट भरले नाही म्हणून सकाळ आणि संध्याकाळही नाकारली. आमच्या वाट्याला ठेवली ती फक्त डोके तापवणारी दुपार.

आता पर्यटनवाल्यांचा सल्ला पुन्हा वाचा. सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर! जे प्रहर आमच्या बापजाद्यांना बंद होते, नेमके तेच आज दीक्षाभूमीवर जाण्यासाठी उत्तम सांगितले जातात. वास्तुविशारद शिवदानमल यांनी सांचीच्या धर्तीवर रचलेल्या आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या भव्य स्तूपाची सावली त्या वेळी दूरवर पसरलेली असते. तिच्या शेजारी आपलीही सावली पडते. ती सावली कोणाला विटाळत नाही आणि कोणी हटकतही नाही. म्हणून सकाळी जायचे ते केवळ गारवा आहे म्हणून नव्हे, तर ती वेळ आपण परत मिळवली आहे म्हणून जायचे, हे मुलांना तिथेच उभे करून सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. आपल्याच काही घरांत अजून 'अमुक वेळ चांगली नाही, तमुक दिवस टाळा' असे बोलले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या तोंडी हे शोभते काय? नक्खत्त जातकात एक लग्नाची कथा आहे. दिवस ठरलेला असताना मुलाकडच्यांनी ऐनवेळी आजीवकाला ग्रह-नक्षत्र विचारले. आपल्याला आधी विचारले नाही म्हणून तो रुसलेला होता. त्याने 'आज योग नाही' असे सांगून टाकले. मुलाकडचे आले नाहीत आणि मुलीकडच्यांनी मुलगी दुसऱ्याला दिली. नक्षत्राची वाट पाहणाऱ्याच्या हातून काम निसटते, एवढाच त्या कथेचा बोध आहे. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस निवडला तो सम्राट अशोकाच्या विजयादशमीची आठवण म्हणून. नागपूर का निवडले, हेही त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात स्पष्ट केले. संघासाठी नव्हे, तर नाग लोकांनी या भागात बौद्ध धम्माचा प्रसार केला म्हणून. दिवसही इतिहासातून निवडला आणि गावही इतिहासातूनच निवडले. त्यात पंचांगाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

मग आपली योग्य वेळ कोणती? इथे खरा मुद्दा येतो. 'गर्दीचे दिवस टाळा' हा सल्ला ज्याच्या हातात स्वतःचा दिवस आहे त्याच्यासाठी आहे. बांधकामावरचा मजूर, चार घरची धुणीभांडी करणारी माउली, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक यांच्या हातात त्यांचा दिवस नसतो. मराठवाड्यातून, खानदेशातून, तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून येणारा माणूस रेल्वेच्या वेळेने येतो. ती गाडी रात्री दोनला नागपुरात उतरवते, तर त्याची दीक्षाभूमीची वेळ रात्री दोनची! १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता संविधान चौकात लोटणारी माणसे हेच सांगतात की, या समाजाने दिवसभर राबून रात्र आपली केली आहे.

घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १५ व्या कलमाने सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या केल्या. परंतु वकिलीत एक गोष्ट रोज दिसते. हक्क कागदावर असून भागत नाही, तो वापरायला सवडही मिळावी लागते. म्हणून दीक्षाभूमीवरील सोयी पर्यटकाच्या घड्याळाने नव्हे, तर कष्टकऱ्याच्या घड्याळाने आखल्या गेल्या पाहिजेत. रात्री उतरणाऱ्या बायाबापड्यांना सुरक्षित निवारा, प्यायला पाणी, स्वच्छ शौचालये, दुपारी सावली आणि परतीच्या गाड्यांची नीट माहिती हव्यात. आधी हे आणि मग बाकीचे सुशोभीकरण! १ जुलै २०२४ रोजी भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक उसळले आणि शासनाला ते काम थांबवावे लागले. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका होईल ही भीती तर त्यात होतीच, पण गाडीतून येणाऱ्याची सोय आधी की पायी येणाऱ्याची, हा सवालही त्यातून पुढे आला.

बोधगयेकडे पाहा. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी अशी रचना केली. तिथला साधा निर्णयही एकट्या बौद्धांच्या हाती नाही. त्यासाठी २०२५ मध्ये भिक्खूंना उपोषणाला बसावे लागले. दीक्षाभूमीचा कारभार मात्र आपल्याच स्मारक समितीकडे आहे. तेव्हा इथे उणीव राहिली तर बोट दुसऱ्याकडे दाखवता येणार नाही.

आणि आम्हा नागपूरकरांनीही थोडे मन मोठे करावे. वर्षाचे ३६५ दिवस ही भूमी आपल्या उंबरठ्याशी आहे. तरीही आपण विजयादशमीलाच गर्दीत घुसतो आणि शेकडो कोस तुडवून आलेली म्हातारी रांगेत मागे राहते. त्या दिवशीची वेळ बाहेरगावच्या बांधवांना द्या. आपण त्या दिवशी वंदनेसाठी नव्हे, सेवेसाठी जाऊ या. समता सैनिक दलाच्या जवानांबरोबर उभे राहू, भोजनदानाच्या पंक्तीत वाढू, दोन पुस्तके विकत घेऊ, चुकलेल्यांना वाट दाखवू. वंदनेसाठी आपल्याला साधे दिवस आहेत. एखादा मंगळवार घ्या. सकाळी सातला मुलांना घेऊन जा. बावीस प्रतिज्ञा त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. एकेका प्रतिज्ञेचा अर्थ विचारा. स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थींपुढे पाच मिनिटे गप्प बसा. मोबाईलवर फोटो काढून परतणाऱ्यापेक्षा ते मूल काहीतरी वेगळे घेऊन घरी येईल.

आपल्या पूर्वजांना सूर्य डोक्यावर येईपर्यंत वेशीबाहेर ताटकळावे लागले. आपल्याला आता कोणाची परवानगी लागत नाही. ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्याच्यासाठी ही भूमी उघडी आणि सोयीची असली पाहिजे, हे पाहणे मात्र आपले काम आहे.

जय भीम!