पाठटाचण यंत्राचं चालेल, निबंध मुलाचाच हवा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू



बेंगळुरूच्या शिक्षणा फाउंडेशननं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या साथीनं २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ३० शाळांत ‘शिक्षा कोपायलट’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची चाचणी सुरू केली, तेव्हा मला ती मनापासून पटली. इयत्ता, विषय, धडा सांगितला की पाठटाचणाचा मसुदा समोर येतो. मास्तरांचा लिखापढीचा वेळ वाचतो, आणि मसुदा चुकला तर ते त्यांना कळतं, कारण धडा त्यांना आधीच येत असतो.

चौथीतल्या मुलीला धडा येत नसतो. तिच्यासमोर तेच यंत्र ठेवलं तर खरंखोटं कोण ठरवणार? शिवाय तिचा मोडकातोडका निबंध ही नुसती वहीतली भर नव्हे. शब्द शोधता शोधता, खोडता खोडता ती विचार करायला शिकत असते. ते कष्ट यंत्रानं उचलले, तर शाळेत शिकायचं काय उरलं?

बंदीनं हे सुटेल असं मला वाटत नाही. याच शहरातल्या आर. व्ही. विद्यापीठानं जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली. पण शाळांनी तसं केलं तरी मुलांच्या हाती घरी आईबापांचा फोन असतोच. आणि यंत्राचं लिखाण ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर मुलाला चोर ठरवणं तर सरळ अन्याय आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकतेअभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं.

युनेस्कोनं २०२३ मध्ये वर्गात अशी यंत्रं वापरण्यासाठी किमान वय १३ सुचवलं. त्याच वर्षीच्या आपल्या विदासंरक्षण कायद्यानं अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मूळ तत्त्व म्हणून मान्य केली. पण कलबुर्गीहून बांधकामावर आलेला बाप न वाचता येणाऱ्या इंग्रजी संमतीच्या कागदावर अंगठा उठवेल, त्याला संमती म्हणायचं का? आपलं राज्य पाठ्यपुस्तकं कन्नडबरोबर मराठी-उर्दूतही छापतं. मग खानापूर-निपाणीच्या मराठी शाळांतल्या पालकांना हा कागद मराठीत का मिळू नये?

माझी विनंती एवढीच: तेरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती हे यंत्र थेट देऊ नका, लेखनाचा पहिला खर्डा वर्गातच, हातानं लिहून घ्या, आणि यंत्राच्या संशयावरून कुणाचे गुण कापू नका. हे नियम पालकांच्या भाषेत छापून येत्या शैक्षणिक वर्षाआधी प्रत्येक शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या (एसडीएमसी) बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावेत.

आपला,
बेंगळुरूचा एक मराठी पालक