घर राहायला की पाहुण्यांना?

मित्रांनो, शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या! विषय मात्र आपल्या सगळ्यांचाच आहे : राहायला जागा.

समजा, एका होस्टेलमध्ये १०० खोल्या आहेत. उद्या ठरलं, की त्यातल्या २० खोल्या ट्रिपला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायच्या, कारण ते एका रात्रीचे भरपूर पैसे देतात. कागदावर खोल्या १००च राहतील. पण त्या २० खोल्यांतली मुलं बॅगा उचलून जाणार कुठे?

स्पेनमधल्या बार्सिलोना शहराचं हेच दुखणं आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. शहर पसरणार कुठे? त्यात राहत्या बिल्डिंगमधले फ्लॅट टूरिस्टांना रोजच्या भाड्याने जाऊ लागले. २०१७ मध्ये महापालिकेने खास आराखडा करून पर्यटकांच्या निवासांवर मर्यादा घातल्या. तरी महापालिकेच्याच म्हणण्यानुसार दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली. शेवटी जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं, की पर्यटकांसाठीच्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालणार नाहीत. ज्या कायद्याच्या आधारावर हे होणार, तो मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटना न्यायालयानेही वैध ठरवला.

आता कुणी म्हणेल, "माझा फ्लॅट, मी काय वाटेल ते करीन!" पण रेसिडेन्शियल झोनमध्ये कुणी कारखाना काढला तर आपण चालवून घेऊ का? सिव्हिलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. रोज नवा पाहुणा उतरवणारा फ्लॅट म्हणजे लॉजच की! मग त्याला लॉजचे नियम नकोत?

अर्थात सरसकट बंदी मला पटत नाही. पेन्शनवर जगणाऱ्या आजींनी स्वतःच्या घरातली एक खोली भाड्याने दिली, तर त्यात कुणाचं घर जात नाही. हा फरक न्यूयॉर्कने बरोबर ओळखला. तिथे सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक झाले. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी जागा द्यायची, तर यजमानाने तिथेच राहायला हवं आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन.

आणखी एक गोष्ट. नियमांनी नवी घरं उभी राहत नाहीत. असलेली घरं राहणाऱ्यांकडे परत येतात, एवढंच. आणि मोकळा झालेला फ्लॅट मालकाने कुलूप लावून ठेवला तर तेही नाही! म्हणून नियमही हवेत आणि परवडणारी नवी घरंही.

दोन वर्षांनी नोकरी लागल्यावर आपल्यातले बरेच जण नव्या शहरात खोली शोधत फिरणार आहेत. तेव्हा पुढच्या गोवा ट्रिपला अख्खा फ्लॅट बुक करताना एकदा विचार करा, की इथे एरवी कोण राहिलं असतं?

पटतंय का बघा. नाही पटलं, तर मेसमध्ये भांडायला मी तयार आहे!