जुन्या गाडीचा रंग : पैसा कोठे वाचवावा?



एप्रिल तोंडावर आला की पिंप्राळ्यात घराला चुना आणि गाडीला रंग, या दोन गोष्टींची घाई सुरू होते. जुनी मारुती किंवा ओम्नी घेणारी कुटुंबे आता आपल्या समाजातही पुष्कळ आहेत. गाडी घेण्यातच साठवलेला पैसा संपतो, आणि वर्ष-दोन वर्षांत टपाचा रंग पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. मग घरीच रंगवावी की गॅरेजला द्यावी, असे आम्हास विचारले जाते.

आमचे सांगणे असे की, आधी गाडी स्वच्छ धुवावी आणि फिकट जागेवर ओले फडके फिरवून पाहावे. ओले असेपर्यंत मूळची चमक दिसली तर रबिंग-पॉलिशवर भागण्याचा संभव असतो. पापुद्रे निघत असतील तर मात्र रंगच हवा. खानदेशच्या उन्हात टप आणि बॉनेट आधी जातात, दरवाजे बहुधा शाबूत राहतात. मग सगळी गाडी रंगवण्याचा हट्ट कशाला? जेवढे भाग गेले तेवढ्यांचेच कोटेशन मागावे, व ते लेखी घ्यावे. पांढरा रंग बऱ्यापैकी जुळतो. चंदेरी किंवा मेटॅलिक रंगात जोड चटकन दिसतो. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली किंवा दरवाज्याच्या खांबावरील पट्टीवर असतो, तो उतरवून न्यावा.

या कामात रंगापेक्षा मेहनत जास्त आहे. दिवे-बंपर काढणे, वॉटर पेपरने घासणे, काचांना कागद व टेप लावणे ही कामे घरची मुले करू शकतात. पण मिस्त्रीला आधी विचारावे. दुसऱ्याने घासलेल्या पत्र्याची हमी सगळेच घेत नाहीत. गंज पुरता घासल्याखेरीज पुट्टी थापू देऊ नये, पुढच्या पावसाळ्यात तेथेच फुगते. स्प्रेचा डबा एखाद्या ओरखड्यापुरता ठीक. त्याने आख्खी गाडी रंगवणे म्हणजे पैसे फुकट घालवणे.

गन भाड्याने आणून अंगणात रंग मारण्याला मात्र आमचा विरोध आहे. हल्लीच्या टिकाऊ पीयू रंगात हार्डनर घालतात. त्यात आयसोसायनेट जातीची रसायने असतात. १९८४ साली भोपाळमध्ये हजारोंचे बळी घेणारा मिथाइल आयसोसायनेट त्याच कुळातला. हार्डनरमध्ये तो वायू नसतो, पण फवारा श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, धुळीचा साधा मास्कही नाही. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मास्क लागतो. दाट वस्तीत, शेजारच्या खिडकीत लहान मूल असताना हा फवारा उडवायचा काय?

आणि गॅरेजमध्ये गन धरणारा पोरगा कोणाचा असतो? पुष्कळदा आपल्याच वस्तीतला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ची. त्यांचे नाव घेणाऱ्या गाडीमालकाने घासाघीस करताना पेंटरची मजुरी कापू नये. रंगवायचे भाग कमी करावेत. कोटेशन घेतानाच "फवारताना मास्क कोणता वापरता?" हेही विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की मालकाला उत्तर शोधावे लागते, हा आमचा अनुभव आहे.

जयंतीसाठी गाडी निळी करण्याची हौस आम्ही समजू शकतो. परंतु आरसीत गाडीचा रंग नोंदलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओत अर्ज करून नोंद बदलावी लागते. कर्ज फिटले नसेल तर कर्ज देणाऱ्याची संमतीही लागते. त्यापेक्षा मूळ रंगच ठेवून वर निळा झेंडा लावावा, तो दिसतोही छान.

मुहूर्ताचेही थोडे सांगतो. मे महिन्याच्या उन्हात थिनर रंग पसरण्याआधीच उडतो, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पावसाळी दमट हवेत साधा एनसी रंग पांढुरका पडतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. एप्रिलपूर्वी करायचेच असेल तर काम सकाळी लवकर उरकायला सांगावे. हार्डनर न मिसळलेला रंग उरला तर झाकण घट्ट लावून घरी आणावा, पुढल्या ओरखड्याला उपयोगी पडतो.