शिवनाथचा आकार आणि शिवनाथची माती

भिलाईच्या शिल्पकलेचा विचार बहुधा पोलादापाशी येऊन थांबतो. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून या गावाची ओळखच धातूची झाली. परंतु जवळून वाहणाऱ्या शिवनाथच्या खोऱ्यात शिल्पाची याहून फार जुनी जाण आहे. शिवनाथला मिळणाऱ्या मनियारीच्या काठी, ताला येथे, १९८८ साली उत्खननात सापडलेली भव्य मूर्ती पाहावी. नाकाच्या जागी पाल, मिशांच्या जागी मासे, हनुवटीच्या जागी खेकडा, खांद्यांवर मकर. तिला रुद्रशिव म्हणतात. ती नेमकी कोणाची, हा वाद मिटलेला नाही. तो न मिटताही एवढे दिसते की, येथे नदीचे चित्र काढलेले नाही. नदीकाठच्या जीवांनीच देह धारण केला आहे.

आज नदीखोऱ्याचा उंचसखलपणा उपग्रहाच्या मोजणीवरून संगणकावर उतरविता येतो आणि यंत्राकडून मेणात किंवा लाकडात साकारता येतो. त्याला लगेच नदीतून स्फुरलेले शिल्प म्हणणे घाईचे होय. तो नकाशा आहे. फार तर देखणा नकाशा.

याचा अर्थ यंत्र त्याज्य आहे असा नव्हे. यंत्राने घडविलेला मेणाचा नमुनाही अखेर बस्तरच्या घडव्यांच्याच मार्गाने जातो: मेण वितळून जाते, त्याची जागा धातू घेतो. भेद आहे तो आरंभी. कोंडागावचा घडवा आधी मातीचा गाभा घडवितो, त्यावर मेणाचे धागे गुंडाळतो आणि ओतकामानंतर साचा फोडतो. दुसरी मूर्ती हवी असल्यास पुन्हा मातीपासून आरंभ. संगणकातील आराखड्याची मात्र शंभरावी प्रतही पहिलीसारखीच निघते. मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा भेद नवा नाही. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाईंची पंडवानी ध्वनिफितीवर जतन होते खरी, पण ती फीत म्हणजे पंडवानीची परंपरा नव्हे.

खरा प्रश्न श्रेयाचा आहे. आराखडा करणारा 'शिल्पकार' आणि ओतणारा 'कारागीर', अशी वाटणी झाली की मातीचे ज्ञान मजुरीच्या खात्यात जमा होते. (साहित्यात लोकगीताच्या संकलकाचे नाव मुखपृष्ठावर आणि गाणारीचे तळटिपेत, हा प्रकार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे.) खैरागढ येथे १९५६ पासून कला आणि संगीत यांना वाहिलेले विद्यापीठ आहे. तेथील शिल्पाच्या वर्गात घडव्याला प्रात्यक्षिकापुरते न बोलाविता अध्यापक म्हणून नेमावे, आणि सार्वजनिक निधीतून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिल्पाच्या नामफलकावर दोघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत.